रिव्ह्यू माझा, परवाना त्यांचा

माझ्या दोन्ही कानांना लहानपणापासून कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र बदलायची वेळ आली की कंपनीच्या माहितीपत्रकाचा फारसा उपयोग होत नाही. चॅनेल किती आणि बॅटरी किती तास चालते हे त्यात असतं. चार माणसं एकदम बोलायला लागली की काय होतं, चष्म्याची काडी घासली की खरखर ऐकू येते का, फोन कानाशी नेला की यंत्र शिट्टी मारतं का, हे नसतं. ते वापरणाराच सांगू शकतो. म्हणून मी एका मोठ्या रिव्ह्यू साइटवर वर्षानुवर्षं लिहीत आले. नवं यंत्र काही आठवडे वापरायचं, नोंदी ठेवायच्या आणि मग सविस्तर लिहायचं. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी तिथे असंच लिहिलं आहे आणि त्या लेखनाच्या भरवशावर लोकांनी साठवलेले पैसे यंत्रांत घातले आहेत.

एका यंत्राबद्दल मी लिहिलं होतं : ‘शांत खोलीत समोरच्याचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतं. गर्दीत मात्र हे यंत्र जवळजवळ निरुपयोगी आहे, माणसाचा आवाज आणि आजूबाजूचा गोंगाट एकाच पातळीवर येतो.’ तेच यंत्र विकणाऱ्या एका साइटवर यातलं एवढंच उतरलेलं मला दिसलं : ‘समोरच्याचं बोलणं अगदी स्वच्छ ऐकू येतं.’ खाली ‘एक समाधानी वापरकर्ती’. शांत खोली गाळली, गर्दी गाळली, माझं नावही गाळलं. ते वाचून कुणीतरी हे यंत्र घेईल, पहिल्याच समारंभात त्याला काही कळणार नाही, आणि या खरेदीत माझ्या शब्दांचा हात असेल, हे मला सहन होईना.

पहिलं काम म्हणजे रिव्ह्यू साइटच्या अटी नीट लावून घेणं. नोंदणी करताना ज्या अटींना मी होकार दिला होता त्यांची प्रत मी जपून ठेवली होती. मधल्या काळातल्या आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संग्रहात, तारखांसह मिळाल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. प्रत्येक आवृत्तीत एक वाक्य जसंच्या तसं होतं : तुम्ही लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट तुमचाच राहतो. हे साइटचं औदार्य नव्हे. कॉपीराइटबद्दलचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार आणि त्याची १९०८ ची बर्लिनमधली दुरुस्ती यांच्यामुळे, करारात सामील असलेल्या देशांमध्ये लेखकाला हक्क मिळवण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. स्वतःच्या शब्दांत लिहिलेला सविस्तर रिव्ह्यू हे साहित्य आहे आणि तो लिहिला त्या क्षणी हक्क लेखकाचा होतो. आपण वस्तूला गुण म्हणून दिलेले नुसते तारे वेगळे. चार तारे दिले म्हणून त्या चारावर कुणाचा कॉपीराइट होत नाही. ताऱ्यांची सगळी मांडणी आणि सरासरी ज्या डेटाबेसमध्ये राहते त्याला युरोपीय संघात १९९६ च्या निर्देशानुसार वेगळं संरक्षण आहे, आणि ते ज्याने तो डेटाबेस उभारायला खर्च केला त्याला मिळतं.

मालकीचं वाक्य वाचून बहुतेक जण तिथेच थांबतात, असं मला साइटवरच्या ओळखीच्या लोकांशी बोलताना जाणवलं. खरा मजकूर त्याच्या पुढच्या परिच्छेदात असतो. मी साइटला काय काय करायची परवानगी दिली ते तिथे आहे. माझ्या जुन्या अटींमध्ये परवाना ‘साइट चालवण्यासाठी आणि साइटच्या प्रचारासाठी’ होता, आणि मी मजकूर काढून टाकला की तो संपणार होता. मधे साइट एका दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. त्यानंतरच्या आवृत्तीत परवाना जगभरासाठी, कायमचा, विनामोबदला, मागे घेता न येणारा, दुसऱ्याच्या नावे करता येणारा झाला. पोटपरवाने द्यायची, म्हणजे मिळालेली परवानगी पुढे इतरांना द्यायची, आणि मजकुरात बदल करायची मुभाही त्यात आली. ‘साइट चालवण्यासाठी’ हे शब्द जाऊन ‘कोणत्याही व्यावसायिक कारणासाठी’ आले. इतकं सगळं दिल्यावर मालकाकडे काय उरतं? स्वतः इतरत्र छापण्याचा हक्क उरतो, आणि ज्यांना परवाना नाही त्यांना रोखण्याचा हक्क उरतो. हा दुसरा हक्क किती मोलाचा आहे ते मला पुढे कळलं.

अशा विक्रीत नवं काही नाही. आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या साइटची सुरुवात १९९० मध्ये यूझनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरच्या चित्रपटप्रेमींनी मिळून केलेल्या याद्यांतून झाली आणि १९९८ मध्ये ती ॲमेझॉनने घेतली. पुस्तकांच्या रिव्ह्यूंची गुडरीड्स २०१३ मध्ये ॲमेझॉनकडे गेली. एपिनियन्सवर १९९९ पासून लोक वस्तूंचे लांबलचक रिव्ह्यू लिहीत होते, त्यांना उत्पन्नातला वाटाही मिळे. साइट एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली आणि २०१४ मध्ये तिथला लेखकांचा समुदाय बंद करण्यात आला. सीडीवरच्या गाण्यांची नावं लोकांनी हौसेने टाइप करून सीडीडीबी या ऑनलाइन यादीत भरली, पुढे ती यादी व्यापारी कंपनीची मालमत्ता झाली आणि त्या अनुभवातून म्युझिकब्रेन्झसारखा खुला प्रकल्प उभा राहिला. दर वेळी विकत घेणाऱ्याने ज्यासाठी पैसे मोजले त्यात लोकांचं फुकट लेखन होतंच.

कॉपीराइटचं काम करणाऱ्या एक वकील माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांनी आधी मला एकच विचारलं, ‘तुम्हाला नेमकं काय हवंय?’ सगळे रिव्ह्यू एका फटक्यात उडवून टाकावेत असं रागाच्या भरात वाटत होतं. पण मग त्या यंत्रांबद्दल वाचायला येणाऱ्यांचं काय? त्यांच्यातलं कुणीच माझ्याशी वाईट वागलेलं नव्हतं. शेवटी मी कागदावर लिहिलं : रिव्ह्यू राहावेत, पण पूर्ण राहावेत आणि नावासकट राहावेत. तुकडा वापरायचा नाही. पुढची सगळी पत्रं या वाक्याला धरून लिहिली.

मग माझीच वाक्यं अवतरणचिन्हांत घालून मी सर्च केली. त्यात आणखी एक प्रकार हाती लागला. कुणीतरी संगणकाच्या प्रोग्रामकरवी साइटवरचे श्रवणयंत्रांचे रिव्ह्यू घाऊक उचलून, जाहिरातींनी भरलेली वेगळीच साइट थाटली होती. म्हणजे प्रश्न दोन होते. विकणाऱ्या साइटकडे निदान कागदोपत्री पोटपरवाना होता. या उचलणाऱ्याकडे काहीच नव्हतं.

उचलणाऱ्याबद्दल मी रिव्ह्यू साइटला कळवलं तेव्हा उत्तर आलं की याबाबत आम्ही काही करू शकत नाही, कॉपीराइट तुमचा आहे. मला ते हात झटकणं वाटलं. वकीलबाईंनी समजावलं की या मुद्द्यावर साइट बरोबर आहे. अमेरिकी कायद्यात, ज्याच्याकडे अनेकांपैकी एकाला दिलेला साधा परवाना आहे तो कॉपीराइटभंगाचा दावा लावू शकत नाही. तो हक्क मालकाचा किंवा एकट्यालाच दिलेला परवाना ज्याच्याकडे आहे त्याचा. क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या साइटने २०१२ मध्ये काही आठवडे लोकांकडून असा एकट्याचा परवाना मागितला होता आणि टीका झाल्यावर मागे घेतला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तिथल्या जाहिराती उचलणाऱ्या थ्रीटॅप्स नावाच्या कंपनीविरुद्धच्या खटल्यात त्या थोड्या काळातल्या जाहिरातींपुरताच क्रेगलिस्टचा हक्क धरला. उलट टोक म्हणजे रिपऑफ रिपोर्ट ही तक्रारींची साइट. तिथे लेखकाने स्वतः मागणी केली तरी मजकूर काढला जात नाही. एका वकिलाने आपल्याविरुद्धच्या मजकुराचा कॉपीराइट न्यायालयामार्फत स्वतःकडे घेऊन तो उतरवायचा प्रयत्न केला, तोही २०१७ मध्ये फसला, कारण अटींवर ‘मान्य’ करताना लेखकाने तो हक्क साइटला आधीच देऊन टाकला होता. तेव्हापासून नव्या साइटवर लिहिण्याआधी मी परवाना एकट्या साइटलाच दिला जातोय का एवढं आधी पाहते. तसं असेल तर तिथे एक ओळही लिहीत नाही.

तर नोटीस मीच पाठवायची होती. उचलणाऱ्या साइटवर पत्ता, नाव काही नव्हतं, पण ती ज्या होस्टिंग कंपनीवर होती ती अमेरिकेतली होती, त्यामुळे इंटरनेटवरच्या कॉपीराइटभंगाबद्दलचा १९९८ चा अमेरिकी डीएमसीए कायदा उपयोगी पडला. नोटिशीत काय लागतं ते कायद्यातच दिलेलं आहे : मूळ लेखन कोणतं आणि ते कुठे आहे, नक्कल कोणत्या पत्त्यावर आहे, माझा संपर्क, हा वापर विनापरवाना आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं असं निवेदन, दिलेली माहिती अचूक आहे असं निवेदन, मालकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला आहे हे शपथेवर, आणि सही. इलेक्ट्रॉनिक सही चालते. प्रत्येक पानाचा पत्ता वेगळा द्यावा लागतो, ‘सगळी साइटच चोरीची आहे’ असं म्हणून भागत नाही. या कामात माझी एक संध्याकाळ गेली, पण नोटीस पोहोचल्यावर पानं लवकर उतरली. समोरचा प्रतिनोटीस देऊ शकतो. तशी दिली आणि मी न्यायालयात गेले नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढवायचा असतो. प्रतिनोटीस आली नाही. सर्चमध्ये उरलेल्या दुव्यांसाठी गूगलकडेही अशीच विनंती केली. माझे रिव्ह्यू गेले, बाकीच्यांचे तिथेच राहिले. त्यांच्यासाठी मी नोटीस देऊ शकत नव्हते, त्याबद्दल पुढे लिहिते.

विकणाऱ्या साइटचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं होतं. मी दोन मुद्दे मांडले. पहिला, लेखकाच्या नैतिक हक्काचा. बर्न करारात १९२८ पासून हे कलम आहे : कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी आपलं नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला विरोध करण्याचा हक्क लेखकाकडे राहतो. नव्या अटींमध्ये हा हक्क सोडून दिल्याचं एक वाक्य होतं. पण हे सगळीकडे सारखं नाही. फ्रान्समध्ये लेखकाला हा हक्क सोडताच येत नाही, अमेरिकेत लिखित मजकुरासाठी तो जवळपास नाहीच. शिवाय माझा रिव्ह्यू जुन्या अटींखालचा होता आणि त्या अटींत हे वाक्य नव्हतं. जुन्या परवानगीवर लिहिलेल्या मजकुराला नव्या अटी कशा लागू होतात, हे मी पत्रात स्पष्ट विचारलं. उत्तर आलं ते ‘सेवा वापरत राहिल्यास बदललेल्या अटी मान्य समजल्या जातात’ हे ठरावीक वाक्य. माझ्या मते ते उत्तर नव्हे. घरमालक बदलला म्हणून आधीच्या भाडेकराराची तारीख पुसली जात नाही.

दुसऱ्या मुद्द्याने कुलूप उघडलं आणि तो कॉपीराइटचा नव्हताच. माझ्या रिव्ह्यूंमध्ये मला किती डेसिबलपर्यंत ऐकू येत नाही, कोणता कान जास्त खराब आहे, हे सगळं नावासकट होतं. ही आरोग्याची माहिती आहे. साइटच्या नव्या मालकाचं कार्यालय युरोपीय संघात असल्यामुळे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा युरोपीय कायदा, त्यांना बंधनकारक होता, आणि मी कुठे राहते याने त्यात फरक पडत नव्हता. कॉपीराइटचा परवाना मागे घेता येत नाही असं करारात लिहिता येतं. वैयक्तिक माहितीसाठी दिलेली संमती मात्र कधीही मागे घेता येते, करारात काहीही लिहिलेलं असो. मी या कायद्याच्या कलम १५ खाली विचारलं की माझी माहिती कुणाकुणाला दिली. कलम २० खाली माझा सगळा मजकूर संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात मागितला. पहिलं उत्तर गोलमोल होतं, ‘व्यावसायिक भागीदारांना’. युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीच्या प्रकरणात सांगितलं आहे की मागणाऱ्याला घेणाऱ्यांची प्रत्यक्ष नावं सांगायला हवीत, फक्त प्रकार सांगून चालणार नाही, अपवाद थोडे. या निकालाचा हवाला देऊन परत लिहिलं. उत्तर द्यायला कायद्याने एक महिना असतो. त्या मुदतीत यादी आली.

ती यादी वाचली तेव्हा हा सगळा कारभार कसा चालतो ते कळलं. रिव्ह्यू साइट यंत्रं विकणाऱ्यांना मजकुराची फीड, म्हणजे आपोआप पोहोचत राहणारा मजकूर, पुरवत होती. कोणता तुकडा दाखवायचा ते विकणाऱ्याकडचं सॉफ्टवेअर ठरवत होतं आणि चांगल्या शब्दांची वाक्यं आपोआप वर येत होती. म्हणजे ‘शांत खोलीत’ हे शब्द कुणा माणसाने बसून खोडले असतील असंही नाही. मला त्याने बरं वाटलं नाही, उलट धास्ती वाढली, कारण हे प्रत्येक रिव्ह्यूचं होत असणार. फीडमधून माझं लेखन काढावं अशी लेखी मागणी केली, कंपनीने ती मानली आणि विकणाऱ्याच्या पानावरचा तुकडा गेला. सोबत संगणकाला वाचता येणारी एक जेसन फाइल आली : माझे सगळे रिव्ह्यू, तारखा, तारे. खालचे इतरांचे प्रश्न आणि उत्तरं त्यात नव्हती, आणि ते योग्यच आहे, ती त्यांची आहेत.

याच सुमारास एका उत्पादकाने मला नवं यंत्र वापरून पाहायला देऊ केलं. सोबतच्या करारात लिहिलेल्या रिव्ह्यूचे ‘सर्व हक्क कंपनीकडे’ राहतील असं कलम होतं. मी नकार दिला. ज्याच्या वस्तूबद्दल लिहायचं त्याच्याच हातात लेखनाची मालकी गेली, तर न आवडलेला रिव्ह्यू त्याला चोरीचा माल म्हणून उतरवता येतो. हे अमेरिकेत घडलेलं आहे. काही डॉक्टर उपचाराआधीच रुग्णांकडून भविष्यातल्या रिव्ह्यूंचा कॉपीराइट लिहून घेत आणि वाईट रिव्ह्यू आला की साइटला कॉपीराइटची नोटीस धाडत. तो नमुना करार २०११ मध्ये गुंडाळावा लागला. २०१६ च्या कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस ॲक्टने तिथे असं छापील करारातलं कलमच रद्दबातल ठरवलं, रिव्ह्यू वापरायचा साधा परवाना तेवढा चालतो. हा कायदा मला अतिशय शहाणपणाचा वाटतो आणि तो सगळ्या देशांत असायला हवा.

फाइल हाती आल्यावर मी स्वतःचं छोटं संकेतस्थळ केलं. आता रिव्ह्यू आधी तिथे येतो, नंतर इतरत्र. साध्या परवान्यामुळे याला काही अडचण नाही. परवाना कोणता लावायचा यावर मात्र बराच विचार केला. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या तयार परवान्यांपैकी, नाव द्यायलाच हवं आणि बदल करायचा नाही असा प्रकार मला आधी नेमका वाटला होता. मूळ कायदेशीर मजकूर वाचल्यावर दिसलं की त्यात लेखन ‘पूर्ण किंवा अंशतः’ वाटायची परवानगी आहे. म्हणजे तुकडा काढणारा त्याचाच आधार घेऊ शकला असता, शिवाय हा परवानाही मागे घेता येत नाही. म्हणून साध्या भाषेत माझी स्वतःची परवानगी लिहिली : पूर्ण रिव्ह्यू, नाव आणि तारखेसह, कुणीही छापावा, विकणाऱ्यांनीसुद्धा. भाग छापायचा असेल तर विचारा. समीक्षेसाठी किंवा चर्चेसाठी अवतरण घ्यायला कायदा मुभा देतोच, त्याला माझी हरकत नाही.

रिव्ह्यू साइटवरचं लेखन मी काढलं नाही. ते दुरुस्त केलं. गुण आणि दोष आता एकाच वाक्यात, एकाच क्रियापदावर टांगते, म्हणजे कापायला जागाच राहत नाही. प्रत्येक रिव्ह्यूच्या मध्यावर एकदा यंत्र कुठे कमी पडतं ते येतंच. ऐकण्याच्या नुकसानीचे आकडे काढले आणि ‘मध्यम’, ‘तीव्र’ एवढंच ठेवलं. वाचणाऱ्याला तेवढं पुरतं.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. रेडिट या चर्चेच्या साइटने २०२४ च्या फेब्रुवारीत लोकांचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांसाठी वापरू देण्याचा करार गूगलशी केला, प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या स्टॅक ओव्हरफ्लोने तसाच करार त्याच वर्षी मे महिन्यात ओपनएआयशी. तिथे निषेध म्हणून आपली उत्तरं खोडणाऱ्या काही जणांची खाती गोठवली गेली. आमच्या साइटच्या ताज्या अटींमध्येही ‘मॉडेलांचं प्रशिक्षण’ हे शब्द आले आहेत. मी हरकत नोंदवली आहे आणि जुन्या अटींचा प्रश्न माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रारीतून नेला आहे.

नोटिशीचा आणि दोन्ही पत्रांचा नमुना मी साइटवरच्या जुन्या लेखकांना पाठवते आहे. काहींनी वापरलाही. त्यांच्यातल्या एक बाई माझ्याही आधीपासून लिहीत होत्या. बाळांच्या श्रवणयंत्रांबद्दल त्यांच्याइतकं तपशिलात कुणीच लिहिलेलं नाही. त्या आता हयात नाहीत. त्यांचे रिव्ह्यू उचलणाऱ्या साइटवर अजून आहेत आणि फीडमधून त्यांच्या वाक्यांचे तुकडे अजून फिरत आहेत. जीडीपीआर हयात माणसांपुरताच आहे, तो रस्ता बंद झाला. कॉपीराइट मात्र लेखकाच्या मृत्यूनंतरही उरतो, बर्न करारानुसार किमान ५० वर्षं, आणि तो वारसांकडे जातो. त्यांची मुलगी आहे, तिच्यासाठीच त्या हे सगळं शिकल्या होत्या. तिचा पत्ता मिळवायचा प्रयत्न चालू आहे. मिळाला की पानांच्या पत्त्यांची यादी आणि तयार मसुदा तिला देईन. नोटीस तिलाच पाठवता येईल.